मागच्या सीटवरची बॅग

पहिल्याच भेटीत एखाद्या माणसाने आपला हात हातात घ्यावा आणि तोंडाकडे ढुंकूनही न बघता नखं न्याहाळत बसावं, याला काय म्हणायचं? मी तर गारच पडले. नवी कोरी कोपायलट मी, कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, आदल्या दिवशी आईने दृष्टसुद्धा काढलेली. आणि समोर हा उंच, हडकुळा, पांढऱ्या भुवयांचा कॅप्टन माझी बोटं उजेडाकडे धरून बघतोय, कासार बांगडीचं माप घेताना बघतो तसा.

“नेलपॉलिश आहे,” ते म्हणाले.

“फिकं आहे सर. नियमात बसतं.”

“नियमात बसत असेल. माझ्या विमानात बसत नाही. पुसून ये.”

सकाळच्या त्या घाईत विमानतळावर नेलपॉलिश पुसायला कुठून काय आणायचं? शेवटी आमच्याच विमानातल्या एका एअर होस्टेसने पर्समधून बाटली काढून दिली. मी कशाला मागतेय ते तिला सांगावंही लागलं नाही. “पाढे कॅप्टन है ना आज?” ती म्हणाली, “तेरह का पहाडा याद कर ले, यार.”

मला वाटलं, गंमत करतेय. कसली गंमत! विमान दहा हजार फुटांच्या वर गेलं, मी जरा सैलावले, तोच डावीकडून आवाज आला, “सतरा नव्वे?”

“सर?”

“सतरा नव्वे किती?”

शाळेत मला पाढ्यांनी घाम फोडलेला. सतरा दाहे एकशे सत्तर, त्यातून सतरा गेले, असं मनातल्या मनात करत कसंबसं सांगितलं, “एकशे त्रेपन्न.”

“त्रेपन्नासे,” ते जुन्या पद्धतीने स्वतःशीच पुटपुटले. “बरोबर. पण उशीर लावलास. लगेच यायला पाहिजे.”

उतरेपर्यंत हेच. ढग आला की पाढा, चहा आला की पाढा. माझी खात्री पटली की या माणसाचा स्क्रू ढिला आहे आणि कंपनीला अजून ते कळलेलं नाही.

कंपनीला कळलेलं होतं हो, चांगलंच कळलेलं होतं. त्यांच्याविरुद्ध तक्रारी झालेल्या. मल्याळी कोपायलट मल्याळीत पाढे म्हणायचे, पंजाबी पंजाबीत, आणि उतरल्यावर सगळे मिळून त्यांची नक्कल करायचे. पण कॅप्टन विमान असं उतरवायचे की मागे झोपलेलं बाळ उठायचं नाही. त्यामुळे वरचे लोक म्हणायचे, जाऊ दे, चक्रम आहे, पण हात सोन्याचा आहे.

त्यांचं घर ठाण्याला कोपरीत आणि माझं तेव्हा डोंबिवलीत, म्हणून कंपनीच्या गाडीने आम्ही बऱ्याचदा एकत्रच परतायचो. अशाच एकदा परतताना मी धीर करून विचारलं, “सर, हे पाढ्यांचं काय आहे?”

“कुकर माहितीय ना? आपलं विमान म्हणजे कुकर. वर बाहेरची हवा इतकी विरळ की माणूस जगायचा नाही, म्हणून आत हवा दाबून भरलेली. आता या कुकरची शिट्टी झाली तर एक वेळ बरं. सगळ्यांना कळतं. पण झाकणाच्या रबरातून वाफ हळूहळू जायला लागली तर? काही कळत नाही. दुखत नाही, गुदमरत नाही, भीती वाटत नाही. उलट छान वाटतं. फार छान वाटतं, आणि छान वाटता वाटता माणूस संपतो.”

“पण सर, भोंगा असतो की. हवा कमी झाली की वाजतो.”

“भोंगा पण मशीनच ना? पाढा मशीन नाही. डोक्याला हवा कमी पडली की पाढा चुकतो. नखं निळी पडतात. आणि या सगळ्याच्या आधी…” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “सगळ्याच्या आधी हसू येतं.”

भर दुपारी, बंद गाडीत, मला उगाचच अंगावर काटा आला.

तेव्हापासून मला त्यांच्या एकेका तऱ्हेचा उलगडा व्हायला लागला. आनंदाशी त्यांचं वाकडं होतं. कुणी खूश दिसलं की यांच्या कपाळाला आठी. एकदा समुद्रावर इतकी सुंदर सकाळ झालेली की मी न राहवून म्हटलं, “किती छान वाटतंय ना सर!” त्यांनी आधी डोक्यावरच्या घड्याळासारख्या काट्याकडे बघितलं, केबिनमधली हवा दाखवणारा असतो तो. मग माझ्या नखांकडे बघितलं. मग म्हणाले, “तेरा आठे?” एकशे चार म्हटल्यावर जरा वेळाने म्हणाले, “हो. छान आहे सकाळ.”

माझ्या लग्नाला आले ते नौपाड्यातल्या हॉलवर. आल्या आल्या एसी चालू असताना दोन खिडक्या उघडून मोकळे. मग स्टेजवर आले, माझ्या नवऱ्याचा हात हातात घेतला, नखं बघितली आणि विचारलं, “आनंदात आहात?”

“हो तर! खूपच.”

“एकोणीस आठे?”

नवरा बिचारा फेट्यात घामाघूम. एकशे बावन्न काही त्याला सुचेना. त्यांनी माझ्याकडे वळून गंभीरपणे सांगितलं, “जरा लक्ष ठेव.” फोटोग्राफरसुद्धा हसत सुटला. सासूबाईंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, “कोण गं हा अवलिया?”

हसण्यावारी नेता येईल असंच होतं सगळं. दोन गोष्टी मात्र मला कधी हसण्यावारी नेता आल्या नाहीत.

एक म्हणजे त्यांची बॅग. कॉकपिटमध्ये आम्हा दोघांच्या मागे एक तिसरी सीट असते. तपासणीला कुणी आलं तर बसायला. एरवी ती रिकामी. यांच्या विमानात ती कधीच रिकामी नसायची. स्वतःची काळी बॅग ते त्या सीटवर ठेवायचे आणि तिला बेल्ट लावायचे. एकदा मी म्हटलं, “सर, खाली जागा आहे की.”

“मागची सीट रिकामी ठेवायची नाही.”

“का बरं?”

“रिकामी दिसली की कुणीतरी येऊन बसतं.”

आता कॉकपिटचं दार आतून बंद असतं. आम्ही उघडल्याशिवाय मुंगी आत येत नाही. पण हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही, आणि त्या दिवसापासून मागे वळून बघायचंही टाळायला लागले.

दुसरी गोष्ट त्यांच्या घरातली. कोपरीत दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. बाहेरच्या खोलीत एक लांबलचक दिवाण, तिघं आरामात बसतील असा, आणि खिडकीशी एक वेताची खुर्ची. हे बसायचे दिवाणाच्या बरोब्बर मध्यावर, मांड्या पसरून, दोन्ही बाजूंना हात टेकून. पाहुणा आला तरी सरकायचे नाहीत. पाहुण्याने खुर्चीवर बसायचं. मला सुरुवातीला राग यायचा. म्हटलं, काय ही रीत, चारचौघांत वावरलेला माणूस! एकदा थट्टेत बोललेही, “सर, जरा सरकलात तर दिवाण काही झिजणार नाही.”

ते हसले नाहीत. “मधे बसलं की शेजारी कुणी येत नाही,” एवढंच म्हणाले.

मग तो दिवस आला.

आम्ही कोलकात्याला चाललेलो. दुपारची वेळ, आभाळ लख्ख, खाली विदर्भ. मागे विमान भरलेलं. त्यात एक आजी पहिल्यांदाच विमानात बसत होत्या. शिडीच्या पायरीला हात लावून नमस्कार करून चढल्या, ते मी खिडकीतून बघितलेलं. सगळं सुरळीत चाललेलं. मी गुणगुणत होते. आता हे लक्षात घ्या की मला गाणं येत नाही. घरी मी तोंड उघडलं की नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो. मी कामावर कधी गुणगुणत नाही. आणि त्या दिवशी मजेत गुणगुणत होते.

“एकोणतीस सक?”

मला हसूच आलं. “दोनशे… दोनशे काहीतरी. काय फरक पडतो सर?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि तेही हसत होते. इतक्या वर्षांत त्या माणसाचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. मोठे, पिवळट दात. मला ते अगदी गोड वाटले. त्यांनी हसत हसतच स्वतःचा हात वर धरला आणि नखं बघितली. आणि हसू तसंच, ओठ तसेच ताणलेले, अशा चेहऱ्याने ओरडले, “मास्क!”

भोंगा वाजलेलाच नव्हता. नंतर चौकशीत निघालं की मागच्या दाराच्या रबरातून हवा गळत होती, आणि त्याच दिवशी भोंगा वाजवणारा भागही बंद पडलेला. दोन्ही एकदम बिघडणं जवळजवळ अशक्य, असं आम्हाला शिकवतात. शिकवणाऱ्यांचं काय जातंय.

त्यांनी सीटशेजारच्या डबीतून मास्क ओढून तोंडावर चढवला, आणि नेमकं तेव्हाच मागे फाट्‌कन आवाज झाला. रबर पुरतं गेलं. कानात कळ आली, कॉकपिटमध्ये धुकं भरलं, खरोखरचं पांढरं धुकं, आणि हाडं गोठवणारी थंडी. मागे छतातून मास्क लोंबले असतील, लोक किंचाळले असतील. मला काही ऐकू आलं नाही. माझा मास्क माझ्या हातात होता. तो फक्त तोंडावर ओढायचा बाकी होता.

आणि मागून पप्पा म्हणाले, “छान दिसतेस गं.”

आमचं डोंबिवलीला चष्म्याचं छोटं दुकान होतं. मी विमान चालवायला शिकत असताना पप्पा दुकानात बसल्या जागी गेले. युनिफॉर्ममध्ये मला त्यांनी कधी बघितलंच नाही. ते माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होते, सवयच ती त्यांची. मागे वळून म्हणाले, “बसायला जागा नाही वाटतं. बॅग आहे कुणाची तरी. असू दे, मी उभा राहतो. तू तोंड कशाला झाकतेस? बघू दे की नीट. किती दिवसांनी बघतोय तुला.”

मी मास्क खाली केला. पप्पांना माझा चेहरा दिसावा म्हणून. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं, आईशपथ सांगते, ना त्याआधी, ना त्यानंतर.

डावीकडून एक हात आला आणि त्याने तो मास्क उचलून माझ्या तोंडावर हाणला. थोबाडीत मारावी तसाच. नाकाला लागलं, डोळ्यांत पाणी आलं. एक श्वास घेतला, मग दुसरा घेतला. धुकं विरायला लागलं. मी मागे बघितलं. पप्पा नव्हते. बॅग होती, बेल्ट लावून बसलेली.

“एकोणतीस सक?” मास्कमधून त्यांचा घोगरा आवाज आला.

“एकशे चौऱ्याहत्तर.”

“चल खाली.”

मग आम्ही विमानाचं नाक खाली घातलं. श्वास घेता येईल इतक्या हवेत, दहा हजार फुटांवर, लवकरात लवकर पोचायचं, दुसरं काही नाही. मी कंट्रोलला सांगत होते, ते चालवत होते, आणि दोघांचे हात जराही कापत नव्हते. नागपूरला उतरलो. कुणाच्या कानातून थोडं रक्त आलेलं, बाकी सगळे धडधाकट. त्या आजी उतरताना माझ्यापाशी थांबल्या. “उतरताना पोटात गोळाच आला गं बाई,” म्हणाल्या, “दर वेळी असंच असतं का?”

“नाही हो आजी,” मी म्हटलं, आणि मग मला रडू फुटलं.

डॉक्टर झाले, साहेबलोक झाले, जबाब झाले. शेवटी एका खोलीत आम्ही दोघंच उरलो, समोर चहा. आता हे विचारतील, बरी आहेस ना, नाकाला फार लागलं का. तसलं काही नाही. दार लागल्याची खात्री करून त्यांनी हळूच विचारलं, “कोण आलं होतं?”

मी कपबशी खाली ठेवली. मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

“वडील,” मी म्हटलं.

“मास्क नको म्हणाले?”

“हो.”

“नकोच म्हणतात.” ते चहाकडे बघत राहिले. “माझ्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, बायको काविळीने गेली. पुढच्याच वर्षी मी एका मालवाहू विमानावर कोपायलट होतो, आणि आज झालं तसंच झालं. ती मागच्या सीटवर येऊन बसली. अबोलीचा गजरा होता. म्हणाली, राहू द्या ना ते तोंडावरचं, जरा बोलू या. शेजारी माझा कॅप्टन गात होता. मी आधी माझा मास्क लावला, मग त्याचा. ती गेली. जाताना माझ्याकडे कशी बघत होती ते मला सांगता येणार नाही.”

“भास असतो सर तो.”

“भासच. डोक्याला हवा कमी पडली की डोकं आपलं लाडकं माणूस पुढे करतं. डॉक्टरही हेच म्हणाले.”

“मग सीटवर बॅग कशाला?”

त्यांनी बिस्किटाचा पुडा फोडला. मग म्हणाले, “एक लक्षात ठेव, पोरी. मास्क लावल्यावर जे जातं, ते आपलं माणूस नव्हे. आपलं माणूस मास्क काढ म्हणत नाही. मास्क लावूनही जे थांबेल, ते आपलं.”

“तुमच्याकडे कुणी थांबलंय?”

“अजून तरी नाही,” ते म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं.

पुढे ते निवृत्त झाले. मी कॅप्टन झाले, नौपाड्यात राहायला आले. तिथून कोपरी म्हणजे स्टेशन ओलांडलं की पलीकडे, त्यामुळे जाणंयेणं राहिलं. नशीब बघा कसं असतं ते. ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या नखांवर नजर ठेवली, त्याचीच फुप्फुसं सुकत चालली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. दिवसरात्र मास्क लावायचा, डॉक्टरांनी बजावलेलं. सोबतीला खडवलीहून एक मावशी यायच्या, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दणदणीत आवाजाच्या, कुणाला न भिणाऱ्या.

त्यांचाच एकदा फोन आला. “मॅडम, साहेब काय ऐकत नाय. मी जेवायला आत बसले का इकडं मास्क काढून ठेवतात. आन्‌ बोलत बसतात.”

“कुणाशी?”

“खुर्चीशी,” मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला.

मी तशीच निघाले. रणरणती दुपार. मावशींनी दार उघडलं. दिवाणाच्या मध्यावर ते बसलेले, मांड्या पसरून, नेहमीसारखे. मास्क शेजारी पडलेला, त्यातून हवा सूं सूं करत वाया जात होती. आणि ते हसत होते. तेच मोठे, पिवळट दात.

“ये गं. आज फार छान वाटतंय.”

मी नखं बघितली. पिकल्या जांभळासारखी.

“सर, तेवीस सत्ते?”

“राहू दे गं पाढे. बस ना. तिथे नको, खुर्चीवर ही बसलीय.”

मी खुर्चीकडे बघितलं. बघायचं नव्हतं, पण मान वळलीच. खुर्ची रिकामी होती. वेताची बैठक मधे दबलेली. जुनी खुर्ची आहे, दबणारच, असं मी स्वतःला सांगितलं. मास्क उचलला आणि त्यांच्या तोंडावर धरला, नागपूरच्या त्या दिवशी त्यांनी माझ्या तोंडावर धरलेला तसा, जोर लावून. त्यांनी माझं मनगट पकडलं. त्या हडकुळ्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. मी सोडलं नाही. हळूहळू त्यांची पकड सैल झाली, नखांवर रंग आला, आणि चेहऱ्यावरचं हसू पुसत गेलं. डोळे खुर्चीवरच होते.

“घालवलीस,” ते म्हणाले.

“सर, तुम्हीच म्हणालेलात, मास्क लावल्यावर जे जातं ते…”

“मी काय म्हणालो ते मला पाठ आहे!” ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले आणि खोकत सुटले. मग दमून म्हणाले, “खोटी आहे, मला ठाऊक आहे. म्हणून तर शेजारी येऊ देत नाही. मधे बसतो. पण दिसते अगदी तशीच गं. गजऱ्यासकट.”

मी मास्क धरूनच ठेवला.

“विमानात मागे माणसं होती,” ते म्हणाले. “त्यांच्यासाठी लावला मास्क. दोन वेळा लावला. आता सांग, माझ्या मागे कोण बसलंय?”

“मी!” मी एवढ्या मोठ्याने ओरडले की मावशी आतून धावत आल्या. “मी बसलेय मागे! मी काय माणूस नाही? तुम्ही मला मारून मुटकून जिवंत ठेवलंत आणि आता स्वतः गंमत करताय होय?” माझ्या डोळ्यांना धार लागलेली, नाक वाहत होतं, शोभा नुसती.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मास्कच्या आतून विचारलं, “तिकीट काढलंयस?”

“बिनतिकीट बसलेय.”

“हं,” ते म्हणाले, आणि डोक्यामागचा पट्टा स्वतःच्या हाताने घट्ट केला.

त्यानंतर मावशींना मी काम लावून दिलं. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघायचा आणि रोज पाढा विचारायचा. मावशी मोबाईलवर गुणाकार करून उत्तर ताडून बघायच्या आणि परीक्षा घेतल्यासारख्या “पास!” म्हणून ओरडायच्या. सुरुवातीला त्या रोज एकच विचारायच्या. त्यावर सरांची तक्रार, “मावशींना जरा वेगळं विचारायला सांग. सतरा नव्वे मला मेल्यावरसुद्धा येईल.”

मास्क त्यांनी परत काढला नाही. मावशी शपथेवर सांगायच्या. मी एकदा भीत भीत विचारलं, “आता… येतात का त्या?”

“मास्क लावल्यावर कशी येईल?” ते साधेपणाने म्हणाले. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. माणसाला जगवलं खरं, पण त्याची दुपार रिकामी करून टाकली मी. दिवाणाच्या मध्यावर ते बसून असायचे, दोन्ही बाजूंना हात टेकून, समोर ती खुर्ची.

ते गेले तेव्हा मी बंगळूरला होते. उतरून फोन चालू केला तर मावशींचे मिस्ड कॉल. मी लावला. मावशी रडत नव्हत्या. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि कसं सांगावं ते कळत नव्हतं.

“मॅडम, दुपारी मी इचारलं, तेवीस सत्ते? बोलले एकशे एकसष्ट. मी मोबाईलवर बघितलं, बरोबर. चिमटा लावलेला, आकडा पण चांगला, शहाण्णव. मी बोलले पास. तर दाराकडं बघाया लागले.”

“दारात कोण होतं?”

“कोन नाय. दार लावलेलं होतं, मीच कडी घातलेली. पन बघत राहिले. लई वेळ. मंग मला बोलले, मावशी, परत इचारा. मी इचारलं, एकोणीस आठे? बोलले, एकशे बावन्न. ते पण बरोबर. मंग…” मावशी थांबल्या. “मंग सरकले, मॅडम.”

“म्हणजे?”

“दिवाणावर वो. कदी सरकले का कुनासाठी? पार भिंतीकडं सरकले, हातानं चादर नीट केली, आन्‌ बोलले, बस. मला वाटलं मला बोलतात. पन माझ्याकडं बघतच नव्हते. मंग भिंतीला डोकं टेकलं, ते टेकलंच.”

विमानतळावर लोक बॅगा ओढत माझ्या दोन्ही बाजूंनी जात होते.

“मावशी,” मी शेवटी विचारलं, “मास्क होता ना तोंडावर?”

“होता की. सकाळी मीच पट्टा घट्ट केलेला. न्यायला आले तेव्हा काढला.”

त्यांची काळी बॅग मावशींनी मला दिली. तशी मी माझ्या विमानात कित्येक वर्षं माझीच बॅग मागच्या सीटवर ठेवत आलेले, बेल्ट लावून. आता त्यांची ठेवायला लागले. माझे कोपायलट आपापसात काय बोलतात ते मला माहीत आहे.

त्यानंतर काही दिवसांनी, अशीच दुपार. विमान वर स्थिर झालं. मी डोक्यावरचा काटा बघितला. तो जागेवर होता, हवा पुरेपूर. मग नखं बघितली, आधी माझी, मग शेजारच्या मुलीची. नवीनच लागलेली होती ती, बदलापूरची.

“सतरा नव्वे?” मी विचारलं.

“एकशे त्रेपन्न, मॅम,” ती लगेच म्हणाली. कुणीतरी तिला आधीच सावध केलेलं दिसत होतं.

“आता मला विचार.”

ती गोंधळली. “अं… एकोणतीस सक?”

“एकशे चौऱ्याहत्तर. बरोबर?”

“बरोबर, मॅम.”

“मग एक काम कर. मागच्या सीटवरची बॅग काढ आणि खाली ठेव.”

तिने मागे वळून बघितलं. “कुणी येणारे का, मॅम? दार तर आतून बंद आहे.”

“असू दे,” मी म्हटलं. “तू ठेव खाली.”